अवरेकाईच्या दिवसांतला गोफ

मल्लेश्वरमच्या बाजारात अवरेकाईचे ढीग लागले की माझ्या लेकीच्या कपाळाला आठी पडते. आता आई गरजेच्या दुप्पट शेंगा आणणार, घरभर सालं होणार आणि उपम्यापासून आमटीपर्यंत सगळ्यांना एकच दाणा खावा लागणार, हे तिला पाठ आहे. परक्या माणसाला सांगायचं तर अवरेकाई ही पावट्याची जातबहीण. पण असं म्हटलेलं बेंगळुरूच्या माणसाला खपत नाही. थंडीत दव पिऊन फुगलेल्या शेंगेला एक तेलकट वास येतो आणि शेंगा सोलल्या की तो संध्याकाळपर्यंत बोटांना राहतो. कन्नडमध्ये त्याला सोगडु म्हणतात. मराठीत त्याला शब्द असला तरी तो आमच्या घरापर्यंत पोचला नाही.

आमच्या घरापर्यंत तसं पुष्कळच पोचलं नाही. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आमचा मूळपुरुष इकडे आला आणि हवा मानवली म्हणून राहिला, असं अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगत. फौजेत तो नेमका काय करत होता हे विचारलं की अण्णा विषय बदलत. घोड्यांना चारा घालत असावा. तेव्हापासून आम्ही देवाला मराठीत आळवतो, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये भांडतो आणि आपसांत जे बोलतो त्याला आम्ही मराठी म्हणतो.

तर शेंगा बाजारात येतात त्याच दिवसांत मागच्या गल्लीतल्या कॉलेजातून संध्याकाळी माइक घोगरा होऊन ‘हॅलो, हॅलो’ करायला लागतो. आता त्याला फेस्ट म्हणतात. त्यातलं गाणं ऐकू येण्यापेक्षा छातीत धडधडतंच जास्त. लेक खिडक्या लावून घेते. मी एक उघडी ठेवते. सोललेले दाणे एका हाताशी, तो गोंगाट दुसऱ्या हाताशी, आणि मधे मी बसून राहते, साठ सालाच्या आसपासच्या आमच्या कॉलेज डेच्या दिवसांत.

त्या दिवसांत आमचं सगळं कॉलेज वेड्यासारखं वागायचं. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत वीणा लागायची, बाटलीतल्या बेडकांसमोर. जिन्याखाली कुणीतरी बाकावर मृदंगाचे बोल बडवत असायचं. कन्नड नाटकातल्या राणीचं काम करणारा मुलगा मिशी काढायला शेवटपर्यंत तयार नव्हता, कारण ती नुकतीच फुटली होती. अखेर राणीने नाटकभर तोंडासमोर पंखा धरून वारा घेतला. इंग्रजी नाटकवाले स्वतःला वेगळे समजत आणि पॅसेजमधून चालतानासुद्धा संवाद म्हणत. मुलींच्या नाचाची तालीम मात्र दारं-खिडक्या लावून व्हायची. बाहेर मुलं घोटाळायची, आत आम्ही घामाघूम. ग्रीसपेंट, खोबरेल आणि भाड्याच्या मखमलीचा कुबट वास यांचं एक मिश्रण होतं. ते आज कुणी बाटलीत भरून दिलं तर मी अत्तर म्हणून लावीन.

त्या वर्षी आमच्या इतिहासाच्या मिसना एक कल्पना सुचली. राज्यं नवी झाली होती, महाराष्ट्र तर अगदी ताजा. तेव्हा कॉलेज डेला प्रत्येक राज्याचं एक लोकनृत्य व्हावं, बाहेरून परीक्षक बोलवावेत आणि जे नृत्य पहिलं येईल त्या मुलींना दिल्लीच्या युवक महोत्सवाला पाठवावं. पंजाब, आसाम, गुजरात वाटून झाले. महाराष्ट्रापाशी मिसची नजर हजेरीतल्या माझ्या आडनावावर थांबली. मी उभी राहून स्वच्छ सांगितलं की मिस, मी बेळगावच्या पलीकडे कधी गेलेली नाही, मला महाराष्ट्रातला एकही नाच येत नाही. मिस प्रसन्न हसल्या. म्हणाल्या, रक्तात असतं ते, शिकवावं लागत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा ओसरीवर श्रीधर बसला होता. हा पुण्याचा, विज्ञान शिकायला आलेला, आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. मुलगा लाघवी, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. अम्मा, म्हणजे माझी आई, त्याला रोज जेवायला वाढायची आणि तो रोज तिच्या बोलण्याला हसायचा. पहिल्याच महिन्यात तो म्हणाला होता, तुमची मराठी म्हणजे संग्रहालयात ठेवायची वस्तू आहे, मात्र खाली चिठ्ठी कन्नडमध्ये लावावी लागेल. सगळे हसले, अम्माही हसली. त्यानंतर ती त्याच्यासमोर बोलायचीच कमी झाली. वाढताना नुसतं भांडं पुढे करायची. हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मला वाईट वाटलं.

महाराष्ट्राचा नाच म्हटल्यावर श्रीधर म्हणाला, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. अम्मा आत निघून गेली. भांडी घासल्याचा आवाज आला, मग थांबला. मग ती हात पुसत दारात आली आणि श्रीधरकडे न बघता मला हळूच म्हणाली, गौरीच्या दिवसांत आम्ही लहानपणी गोफ खेळायचो, तो चालेल का बघ.

गोफ म्हणजे असा. छताच्या कडीला रंगीत पट्ट्यांची टोकं बांधायची, प्रत्येकीने एकेक पट्टी एका हातात धरायची, दुसऱ्या हातात टिपरी. अर्ध्या मुलींनी उजवीकडून फिरायचं, अर्ध्यांनी डावीकडून. एकीच्या आतून जायचं, पुढचीच्या बाहेरून. गाणं चालू राहतं आणि डोक्यावर वेणी विणली जाते. वेणी हाताशी आली की उलटं फिरायचं आणि ती सोडवायची. विणणं दिसायला छान, सोडवणं अवघड. विणताना एकीने जरी आतल्याऐवजी बाहेरून पाय टाकला तरी वेणीत गाठ बसते आणि परतताना सगळ्यांच्या पट्ट्या तिथे अडकतात. आणि अम्माच्या माहेरी नियम होता की गोफ सोडवल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. तो तसाच विणलेला ठेवणं अशुभ मानत.

आमच्या ओसरीच्या छताला पाळण्याची कडी होती. तिला अम्माने जुन्या साड्यांच्या पट्ट्या बांधल्या आणि आम्ही आठजणी रोज कॉलेजातून थेट आमच्या घरी यायला लागलो. एक मराठी, बाकी कन्नड, तेलुगू आणि एक मंगळूरची कोंकणी. ते दिवस आठवले की आधी वास येतो तो सोगडुचाच. अम्मा पाटावर बसून दाणे सोलायची, सोलता सोलता गायची, आणि तिचे डोळे दाण्यांवर कधीच नसत. ते आमच्या पायांवर असत. तिचं गाणं काही रागदारी नव्हती. माहेरच्या वाटेवरची चिंच, चिंचेखालची विहीर, विहिरीवरची मैत्रीण, अशी एकातून एक निघणारी साधी ओळ. पण कुणाचा पाय चुकला की अम्मा पुढच्या ओळीवर जायची नाही. तीच ओळ पुन्हा घ्यायची, जराशी सावकाश. आम्ही जागच्या जागी ठेका धरायचो, चुकलेली गुपचूप मागे यायची, वाट दुरुस्त करायची, की विहिरीवरून गाणं पुढे. कोण चुकलं हे बाकीच्यांना कळायचंसुद्धा नाही.

मी एकदा विचारलंच, आत्ता चुकलं कोण? अम्मा म्हणाली, “चुकली कोण ते विचारू नको. ओळ परत घ्यायची, स्वल्प हळू. तिची ती वळते.”

आमच्यात सगळ्यात पुढे होती वनजा. आमच्याच रस्त्यावर राहायची, उंच, हाडापेराने भक्कम, हसली की दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. तिचं लग्न ठरलं होतं. वैशाखात मांडव, आणि मांडवाबरोबर कॉलेज संपणार. तिने आजवर आगगाडीने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे बेंगळुरूच्या वेशीवरच्या येलहंकेची मावशी. वडिलांनी सांगितलं होतं, कॉलेजनेच दिल्लीला पाठवलं तर मी अडवणार नाही. ते असं म्हणाले, कारण कॉलेज पाठवेल असं त्यांना वाटत नव्हतं. वनजाने मात्र त्याच दिवशी तपकिरी लोकर आणली आणि तालमीच्या मधे मधे स्वेटर विणायला घेतला. दिल्लीत थंडी असते म्हणे. आम्ही तिला चिडवायचो, बाजारात तुरी. ती शांतपणे टाके मोजायची. एकदा अम्माला म्हणाली, मला तिथे काही बघायचं नाही, मला फक्त गाडीत बसून खूप लांब जायचंय, एकदाच, नंतर मग सगळं आहेच. अम्माने तिच्या ओंजळीत मूठभर दाणे टाकले. तेव्हापासून अम्मा तालमीला वेळेआधी पाटावर बसायला लागली.

श्रीधर दारातून बघायचा. हा गोफ महाराष्ट्राचा कशावरून, असं त्याने एकदा विचारलं; तामिळ, कन्नड मुलीही असंच काही खेळतात. अम्माने खरं उत्तर दिलं. म्हणाली, मला माहीत नाही, माझ्या आईने शिकवला.

अडचण एकच होती. नियम असा की रंगमंचावर, गायलासुद्धा, विद्यार्थीच हवा. म्हणून गाण्यासाठी आमच्या वर्गातली एक मुलगी निवडली. लहानपणापासून शास्त्रीय संगीत शिकलेली, गळा मधासारखा. अम्माची ओळ तिने एका दिवसात उचलली आणि अशी गायली की अम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त ती डोळे मिटून गायची. तिच्या गुरूंनी तसंच शिकवलं होतं, आणि गाण्याला ते शोभतंही. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. अम्माला दिसलं असावं, कारण तिने त्या मुलीला दोनदा सांगितलं की पोरी, पायांकडे बघत जा. मुलीने मान डोलावली, डोळे मिटले आणि सुरू केलं.

कॉलेज डेच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. पुढे परीक्षक, मागे आईवडील, त्यांच्या मागे शिट्ट्या मारण्यासाठीच आलेली मुलं. तिसऱ्या रांगेत अण्णा, शेजारी अम्मा, तिच्या मोरपंखी साडीत, आणि तिच्या पलीकडे श्रीधर. आसामच्या नाचात एकीचं घुंगरू तुटून परीक्षकांच्या टेबलाखाली गेलं. मग आम्ही. पडदा उघडला, वर लाकडी चौकटीला आमच्या पट्ट्या, साड्यांच्या नव्हे, सॅटिनच्या. गाणं सुरू झालं आणि वेणी उतरायला लागली. मला अजून आठवतं की मी घाबरले नव्हते. खूप वर्षांनी एखादी गोष्ट आपली वाटते तसं वाटत होतं.

आणि कुणाचा तरी पाय चुकला. पट्टीला एक हिसका बसला, सगळ्यांच्याच हाताला तो जाणवला. आता ओळ परत येईल म्हणून आम्ही जागीच ठेका धरला. ओळ परत आली नाही. मिटल्या डोळ्यांनी, अतिशय सुरेल, गाणं विहिरीवर निघालं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. वनजाचा चेहरा पांढरा पडला होता. पुढे गेलो तर गाठ आत जाणार, थांबलो तर सगळं तिथेच संपणार.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून चिंचेची ओळ आली. माइक नाही, साथ नाही, घरात गाते तसाच आवाज. अम्मा उभी राहिली होती. श्रीधरसमोर दोन शब्द न बोलणारी माझी आई सगळ्या सभागृहासमोर गात होती, आणि तिचे डोळे आमच्या पायांवर होते. गाणारी मुलगी दचकून थांबली. मागची मुलं शिट्ट्या विसरली. आमचे पाय मात्र तो आवाज ओळखत होते. चुकलेली मागे आली, आतून गेली. अम्माने ओळ आणखी एकदा घेतली, खात्री केली आणि मगच पुढची. त्या मुलीने डोळे उघडले आणि तिच्या आवाजात आवाज मिसळला. वेणी पुरी झाली, आम्ही उलट्या फिरलो आणि ती अख्खी, एकही धागा न अडकता, सुटत गेली. शेवटी आठ पट्ट्या मोकळ्या लोंबत राहिल्या आणि टाळ्या थांबेनात.

निकालात परीक्षकांनी आमचं खूप कौतुक केलं आणि बाहेरच्या व्यक्तीची मदत घेतल्यामुळे आम्हाला स्पर्धेतून वगळलं. दिल्लीला पंजाब गेला.

मागच्या खोलीत आम्ही सगळ्या जमलो होतो. अम्मा दाराशी उभी होती, आत येत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती. आपण पोरींचं नुकसान केलं एवढंच तिला दिसत होतं. मी तिला आत ओढलं. सगळ्या तिच्याशी बोलल्या, वनजा सोडून. वनजा खुर्चीवर बसून पायांतले चाळ सोडत राहिली आणि मान वर न करता निघून गेली. मला तेव्हा तिचा राग आला. आज येत नाही. तिची एकच गाडी होती आणि ती सुटली होती.

घरी येताना श्रीधर आमच्या मागे मागे चालत होता. फाटकापाशी तो अम्मासमोर उभा राहिला. म्हणाला, माझ्या आजोळी, कोकणात, हा गोफ असाच खेळतात. गाणं निराळं आहे, पण ओळ अशीच परत घेतात. मी लहानपणी पाहिला होता आणि विसरलो होतो. मग तो बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, उद्या जेवायला वाढताना बोलाल ना माझ्याशी? अम्मा म्हणाली, बोलते की, पण तू स्वल्प कमी बोल. अण्णा इतके हसले की शेजारच्या घरात दिवा लागला.

पण अम्माचं मन त्यात नव्हतं. अवरेकाईचा हंगाम सरला, उन्हं तापली, कॉलेजच्या रस्त्यावर झाडं जांभळी झाली, आणि वनजा आमच्या फाटकावरून मान खाली घालून जात राहिली. अम्मा रोज त्या वेळी ओसरीवर काहीतरी काम काढायची. एकदाही तिने हाक मारली नाही. मी म्हटलं, मी बोलू का तिच्याशी? अम्मा नको म्हणाली. वळेल तिची ती, म्हणाली, पण ह्या वेळी तिच्या आवाजात तेवढी खात्री नव्हती.

चैत्र संपता संपता वनजा आली. हातात कुंकवाची वाटी आणि लग्नाची पत्रिका. अम्माला कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला आणि तालमीत शिकलेल्या आमच्या घरच्या मराठीत म्हणाली, “दिल्ली गेली ते गेली, अम्मा. माझ्या लग्नात तरी गाल की नाही?”

अम्मा गायली. कन्नड लग्नाच्या मांडवात, नादस्वराच्या मधल्या विसाव्यात, चिंच, विहीर आणि मैत्रीण. वनजाच्या सासूने विचारलं, ही कुठली भाषा? वनजा म्हणाली, आमच्या रस्त्याची. तो स्वेटर तिच्या धाकट्या भावाच्या अंगावर होता, वैशाखात, कारण त्याला तो फार आवडला होता. मी मांडवाच्या खांबाशी उभी राहून रडले आणि कुणी विचारलं तर होमाचा धूर लागला म्हणून सांगितलं.

चुकलं कोण होतं, हे अम्माने कधीच सांगितलं नाही. तिला दिसलं होतं हे नक्की. ती जाऊनही आता खूप वर्षं झाली. श्रीधर परत पुण्याला गेला आणि प्रत्येक गौरीला अम्माला पत्र लिहीत राहिला, ज्यात मराठी कमी आणि खाण्याची चौकशी जास्त असे. वनजा आता के. आर. पुरमला मुलाकडे असते, आणि दर वर्षी शेंगा आल्या की तिचा फोन येतो. आमचं ठरलेलं बोलणं आहे. ती विचारते, सोगडु आहे का यंदा? मी म्हणते, आहे.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. सोगडु आहे का यंदा? आहे. जरा वेळाने पुन्हा आला, तोच प्रश्न. मग तिच्या मुलाने फोन घेतला. चांगला मुलगा आहे, थकलेला वाटला. म्हणाला, आंटी, मनावर घेऊ नका, अम्मांना हल्ली लक्षात राहत नाही. तेच तेच विचारतात. आम्ही सांगतो त्यांना, हे आत्ताच विचारलंत म्हणून. मग गप्प बसतात. मी म्हटलं, तिला गप्प बसवू नकोस, दे माझ्याकडे.

मी परातीत शेंगा घेऊन खिडकीशी बसले. मागच्या कॉलेजात माइक ‘हॅलो, हॅलो’ करत होता. वनजा म्हणाली, “इंदू, आपण दिल्लीला गेलो होतो ना गं?”

हो म्हणावं असं फार वाटलं. एवढ्याशा होने कुणाचं काही गेलं नसतं. पण गाठ तशीच ठेवून घरी जायचं नाही, हे मला आमच्या ओसरीने शिकवलंय. मी म्हटलं, “नाही गं. गोफात पाय चुकला, अम्मा उठून गायली. मग तुझ्या मांडवात गायली.”

“मांडवात गायली,” वनजा म्हणाली, आणि हसली, तेच दोन घरं पलीकडे जाणारं हसणं. सासूबाईंनी विचारलं होतं, ही कुठली भाषा म्हणून, हे तिने मलाच सांगितलं. चिंचेची ओळ तिला आली, विहिरीपाशी अडखळली, मी जोड दिली. मी पुढची शेंग सोलायला घेतली. तिच्याकडून पलीकडच्या रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती.

“इंदू,” ती म्हणाली, “आपण दिल्लीला गेलो होतो ना गं?”

मी हातातली शेंग परातीत ठेवली आणि तीच ओळ परत घेतली, स्वल्प हळू.